ट्रूडी कॅस्पर, काउंटी आणि मी

सोमवार, २२ जानेवारी

ज्यूरीत निवड झाली. आश्चर्य वाटलं नाही.

फेडरल कोर्टात सकाळी खोलीभर माणसं बोलावली होती. बहुतेकांना सुटायचं होतं. एकाने गाईंचं कारण सांगितलं, एकीने पाठीचं. मी वकिलांच्या प्रत्येक प्रश्नाला नुसतं होय किंवा नाही म्हणालो. तीस वर्षं हायस्कुलात पोरांना वादविवाद शिकवलाय. तोंड कधी बंद ठेवायचं ते मला कळतं. डोरीनला हे सांगितलं तर म्हणाली, छत्तीस वर्षं संसार केला, एकदा मला पण दाखवायचं होतंस.

खटला असा. ट्रूडी कॅस्पर ही बाई शेजारच्या काउंटीच्या सरकारी रस्ते विभागात बर्फ काढायचा ट्रक चालवते. एकोणीस हिवाळे चालवतेय. मुकादमाची जागा रिकामी झाली, ती मिळाली चार वर्षांपूर्वी लागलेल्या एका पोराला. ट्रूडी म्हणते, मी बाई आहे म्हणून मला डावललं. काउंटी म्हणते, छे.

न्यायाधीशबाईंनी ताकीद दिली. घरी बोलायचं नाही, इंटरनेटवर शोधायचं नाही, लिहिलेल्या नोंदी कोर्टातच ठेवायच्या. ती मी कसोशीने पाळणार आहे. रोजनिशी ही नोंद नव्हे. रोजनिशी म्हणजे विचार, आणि विचार कुणी कोर्टात ठेवून येत नाही.

संकल्प: शेवटपर्यंत गप्प राहायचं. मग एकदाच बोलायचं.

मंगळवार, २३ जानेवारी

ट्रूडीची साक्ष. ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. वकिलाने विचारलं त्यापेक्षा एक शब्द जास्त बोलली नाही. मला जड गेलं. इतका चांगला मुद्दा आणि इतकं कमी बोलणं.

फक्त एका प्रश्नाला लांब उत्तर दिलं. तिला विचारलं, मुकादम व्हायचं होतं ते कशासाठी. ती म्हणाली, मान वगैरे असतो तो असतोच, पण माझे गुडघे गेलेत. ट्रकच्या पायऱ्या आता चढवत नाहीत. मुकादम खाली उभा राहून कामं वाटतो. ती जागा मिळाली असती तर पेन्शनपर्यंत टिकले असते. नाही मिळाली तर हा हिवाळा शेवटचा, मग पेन्शन अर्धवट सोडून घरी.

आणि विभागप्रमुख काय म्हणाला होता? सगळ्या ड्रायव्हरांसमोर, कॉफी पिता पिता: पोरांना बाईचं ऐकायची सवय नाही.

माझं रक्त उसळलं. हे काही कुणाच्या बापाचं दुकान नाही. काउंटी म्हणजे आपण. लोकांच्या करातून त्या माणसाची कॉफी येते. जे सरकार पहाटे चारला एका बाईला बर्फात पाठवतं, त्याच सरकारने तिला सांगावं की तुझा आवाज चालणार नाही? पाच सहा वाक्यं गाडी चालवताना मोठ्याने म्हणून पाहिली. उत्तम जमली. वळण चुकलं, वीस मैल जास्त पडले.

बुधवार, २४ जानेवारी

विभागप्रमुखाची साक्ष. मऊ बोलणारा माणूस. म्हणे ते वाक्य गमतीत होतं. म्हणे निवडीचं कारण वेगळंच: त्या पोराकडे सुरक्षिततेचं सर्टिफिकेट आहे, ट्रूडीकडे नाही. शिवाय ट्रूडीने दोन वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याची रस्त्याकडेची टपालपेटी ट्रकने पाडली. ट्रूडीच्या वकिलीणबाईंनी विचारलं, विभागात टपालपेटी न पाडलेला ड्रायव्हर कोण? साहेबांना नाव आठवेना.

जेवणाच्या सुट्टीत ज्यूरीच्या खोलीत खटल्यावर बोलायला बंदी, म्हणून हवामानावर बोललो. आठ जणांत दोन लक्षात ठेवण्यासारखे. लेलँड क्रॉसबी, फरश्यांच्या दुकानाचा मालक, नोकर ठेवून ठेवून कातडी जाड झालेला. मी शिक्षक होतो हे कळल्यापासून मला मास्तर म्हणतो. आणि मार्लीन, दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. बाई भली आहे, पण दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. मी वाऱ्याच्या दिशेबद्दल सांगत होतो तर मध्येच म्हणाली, वारा पश्चिमेचा आहे. होता पश्चिमेचाच. पण मी तिकडेच येत होतो.

सँडविचमध्ये टर्की होती. कोरडी.

गुरुवार, २५ जानेवारी

दोन्ही वकिलांची शेवटची भाषणं. परीक्षक या नात्याने: काउंटीचा वकील, ठीक, हातवारे फार. ट्रूडीच्या वकिलीणबाई, तयारी भरपूर, पण चढ-उतार शून्य. सुरुवात, मध्य, शेवट सगळं एका पट्टीत. पोरीने माझ्याकडे एक सेमिस्टर काढली असती तर ज्यूरी खोलीत जाण्याआधीच केस जिंकली असती.

असो. ते काम आता माझ्याकडे आलंय.

शुक्रवार, २६ जानेवारी

सकाळी न्यायाधीशबाईंनी ज्यूरीसाठीच्या सूचना वाचून दाखवल्या. दीड तास. प्रत्येकाच्या हातात छापील प्रतही दिली होती, म्हणजे तेच दोनदा. पुरावा म्हणजे काय, सिद्ध होणं म्हणजे किती, साक्षीदारावर विश्वास ठेवायचा तर कशावरून. जनता हल्ली वाचत नाही, त्यामुळे हे करावं लागत असेल. मी तो वेळ वाया घालवला नाही. पहिल्या अर्ध्या तासात सुरुवात जुळवली, दुसऱ्यात मध्य. शेवटासाठी प्राचीन रोमपर्यंत जावं लागलं.

एक वाक्य मात्र कानावर पडलं: केवळ निकाल लागावा म्हणून कुणी आपलं प्रामाणिक मत सोडू नये. चांगलं वाक्य आहे. लेलँडसाठी असावं.

आणखी एक: काही समजलं नाही तर अंदाज करू नका, चिठ्ठी लिहून बेलिफच्या हाती द्या, मी उत्तर देईन. बाईंचा स्वभाव चांगला आहे.

दुपारी खोलीत गेलो. अध्यक्ष निवडायचा होता. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. लेलँड म्हणाला, मास्तरांना करा, नाहीतरी बोलणार तेच आहेत. एकमताने निवड. असा विश्वास आयुष्यात थोड्यांना मिळतो.

निकालपत्रावर तीन प्रश्न. पहिला: ट्रूडी बाई आहे हे तिला डावलण्याचं एक कारण होतं का? दुसरा: ती बाई नसती तरीही काउंटीने हाच निर्णय घेतला असता, हे काउंटीने सिद्ध केलं का? तिसरा नुकसानभरपाईचा. मी पहिला प्रश्न वाचला. सगळं त्यातच आहे. बाकीचे शेपटासारखे मागे येतात.

पहिलं मतदान: पाच जण ट्रूडीकडे, तीन काउंटीकडे. एकमत हवं. मी उभा राहिलो, तोच बेलिफ आला: सुट्टी, सोमवारी या.

भाषणाला अजून वेळ मिळाला हे बरंच.

शनिवार, २७ जानेवारी

काल रात्री शुक्रवारच्या रिवाजाप्रमाणे सगळं गाव मासे खायला हॉलमध्ये. चार जणांनी विचारलं, कशावर चाललाय खटला? मी ओठांवर बोट ठेवलं. पाचव्याने विचारलं नाही, म्हणून मीच जाऊन त्याला सांगितलं की मला काही सांगता येणार नाही.

आज गॅरेजात रंगीत तालीम. समोर गवत कापायचं मशीन आणि बर्फ उडवायचं मशीन, दोन्ही लक्ष देऊन ऐकत होती. रोमच्या जागी आवाज जरा चिरकला. शेजारचा अर्ल फावडं घेऊन रस्त्यावर थांबला होता. आत आलो तर डोरीन म्हणाली, अर्लचा फोन होता, विचारत होता तू बरा आहेस ना. मी म्हणालो, कोर्टाची आज्ञा आहे, मला बोलता येत नाही. ती म्हणाली, मग गॅरेजात कोण ओरडत होतं? मी म्हणालो, तेही सांगता येत नाही. ती म्हणाली, हे कोर्ट दर महिन्याला भरत नाही का?

सोमवार, २९ जानेवारी

भाषण झालं.

पंचवीस मिनिटं. कुणी खोकलं नाही. शेवटी दोन जणांनी काउंटी सोडली आणि इकडे आले. त्यातला एक म्हणाला, माझ्या मुलीलाही गोदामात असंच केलं होतं. हे त्याने माझ्या भाषणाआधीही सांगितलं होतं, पण तेव्हा त्यात तेवढं वजन नव्हतं.

उरला लेलँड. खुर्ची मागे रेलून, हातांची घडी. म्हणाला, मास्तर, भाषण छान, टाळ्या वाजवल्या असत्या पण कॉफी हातात होती. मुद्दा एवढाच की त्या पोराकडे सर्टिफिकेट होतं. तिच्याकडे नव्हतं. मी दुकानात कुणालाही घेताना हेच बघतो, समोर बाई असो नाहीतर घोडा.

मी त्याचं म्हणणं खोडायला सुरुवात केली. मध्येच मार्लीन. तिच्या हातात ती सूचनांची प्रत, पिवळ्या पेनने रंगवलेली. म्हणाली, दुसऱ्या प्रश्नाखाली लिहिलंय, उत्तर होय असेल तर इथेच थांबा. थांबा म्हणजे काय? मग तिसऱ्याचं काय? मी म्हणालो, एक मिनिट, माझं पुरं होऊ द्या. ती म्हणाली, बरं. मग माझं पुरं होईपर्यंत जेवणाची वेळ झाली.

जेवणानंतर तिने पुन्हा काढलं. म्हणाली, न्यायाधीशबाईंना चिठ्ठी पाठवू या. मी तिला समजावलं. तीस वर्षं पोरांना एकच गोष्ट शिकवली: परीक्षकाला अर्थ विचारू नका, परीक्षकाला अर्थ सांगा. प्रश्न विचारला की समोरच्याला कळतं, तुमची तयारी नाही. अध्यक्ष मी आहे. ज्यूरीच्या नावाने असली चिठ्ठी मी जाऊ देणार नाही.

मार्लीन म्हणाली, मी बोलायला लागले की तुम्ही घड्याळाकडे बघता, मिस्टर ब्रेक्के. मी म्हणालो, तसं नाही. पण तेव्हा साडेतीन वाजलेच होते.

लेलँड पुटपुटला, राहू दे गं बाई, मास्तर सांगतायत ना.

त्याचा विरोध सैल होतोय. उद्या संपवतो.

मंगळवार, ३० जानेवारी, दुपारी १

संपवला. घाईत लिहितोय, बेलिफ निकाल ऐकायला बोलावेल एवढ्यात. रोजनिशी कोटाच्या खिशात होती. तिच्यावर कुणाचं लक्ष गेलं नाही.

सकाळी रेडिओवर वादळाचा इशारा. सगळ्यांची नजर खिडकीकडे. लेलँड स्वतःच माझ्याजवळ आला. म्हणाला, मास्तर, तुम्हाला पहिला प्रश्न एवढा प्यारा आहे तर घ्या, देतो. साहेब मूर्खासारखं बोलला हे मलाही दिसतं. पण मलाही घरी जाऊन बायकोला तोंड दाखवायचंय. मला दुसरा द्या. सर्टिफिकेट होतं, एवढंच म्हणायचंय मला.

ज्याने कधी मंचावर पाऊल ठेवलंय त्याला हा क्षण ओळखू येतो. प्रतिपक्ष मोडलाय, फक्त अब्रू वाचवायला एक दुय्यम मुद्दा मागतोय. उत्तम वक्ता तो मुद्दा देतो. हसत देतो. माझी पोरं राज्य स्पर्धेत याच्यावरच जिंकायची: बारीक गोष्टीत मान तुकवा, मुख्य ठराव खिशात घाला.

इतरांना मी पाच मिनिटांत पटवलं. सर्टिफिकेट होतं हे आपण नाकारतोय का? नाही. मग मान्य करण्यात काय गेलं? सगळे कोट घालून बसलेच होते.

मार्लीन एकटी म्हणाली, पण मग ट्रूडीला मिळणार का काही? फॉर्म म्हणतो थांबा. मी तिला दाखवलं, थांबा लिहिलंय ते उघड आहे: आपण इतकं स्पष्ट उत्तर दिलं की पुढचे आकडे, हुद्दा वगैरे न्यायाधीशबाई स्वतः बघतील. काही गोष्टी न्यायालय ठरवतं असं सूचनांत कुठेतरी आहेच. ती म्हणाली, कुठे? मी म्हणालो, शोधत बसलात तर रस्ते बंद होतील. लेलँड म्हणाला, माझा ट्रक तर आत्ताच अर्धा बुडाला असेल. मार्लीनने पिवळ्या पेनचं टोपण लावलं आणि हात वर केला.

पहिला: होय. दुसरा: होय. सही केली. हार्लन ब्रेक्के, अध्यक्ष. अक्षर सुरेख आलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

जेवलो नाही.

निकाल वाचला तेव्हा पहिल्या होयला ट्रूडीने वकिलीणबाईंचा हात धरला. दुसऱ्या होयला वकिलीणबाईंनी तो सोडवून घेतला आणि काहीतरी लिहायला लागल्या. काउंटीचा वकील खाली बघत होता. मला वाटलं, हरल्याची लाज.

न्यायाधीशबाईंनी आभार मानले आणि सांगितलं, आता मोकळे आहात, बोलायचं तर बोला. म्हणून मी बाहेर व्हरांड्यात थांबलो. अभिनंदन स्वीकारायला कुणीतरी हवं.

वकिलीणबाई आल्या. विचारलं, दुसऱ्या प्रश्नावर आत काय झालं ते सांगाल का, मला फक्त समजून घ्यायचंय. मी सगळं सांगितलं. ठराव, दुय्यम मुद्दा, लेलँडची अब्रू. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, दुसऱ्याला होय म्हणजे काउंटीने भेदभाव केला, पण तो केला नसता तरी ही जागा तिला मिळालीच नसती. असं ठरलं की कायद्याने भरपाई नाही, आणि मुकादमाची जागाही कोर्ट देऊ शकत नाही. काउंटी चुकली असा कागद मिळेल. मी विचारलं, आणि? त्या म्हणाल्या, आणि माझी फी. माझी फी बहुधा काउंटी देईल. थँक यू.

मी म्हणालो, पण आम्ही सगळे तिच्या बाजूने होतो. त्या म्हणाल्या, हो, तेच मला समजत नव्हतं.

मी विचारलं, हे परत घेता येईल का? त्या म्हणाल्या, चिठ्ठी पाठवली असती तर पाच मिनिटांत उत्तर आलं असतं.

ट्रूडी मागेच उभी होती. तिने माझ्याशी हात मिळवला. खरखरीत, गरम हात. म्हणाली, वकीलबाई म्हणतात तुम्ही माझ्यासाठी खूप बोललात. मग कोर्टाच्या पायऱ्या उतरायला लागली. आडवी उतरत होती, एका हाताने कठडा धरून, आधी एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा. रात्रपाळी होती तिची. वादळ येणार होतं ना.

बुधवार, ३१ जानेवारी

विचार केला. दोष कुणाचा हे शांतपणे ठरवलं पाहिजे.

कायद्याचा. चूक केली हे मान्य करायचं आणि शिक्षा शून्य, असा कायदा कुणी केला? त्याला मंचावर उभा करा माझ्यासमोर. निकालपत्राचा. तीन प्रश्न विचारायचे आणि मधल्यात विहीर खणून ठेवायची. न्यायाधीशबाईंचा. दीड तास वाचलं, पण एकाच पट्टीत. महत्त्वाच्या जागी आवाज चढवायला नको? लेलँडचा. त्याला ठाऊक होतं. मी आज त्याच्या दुकानात फोन केला. विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाला, मास्तर, मी फॉर्म वाचला होता. तुम्ही नव्हता वाचला?

मी म्हणालो, मी पहिला प्रश्न वाचला होता. तो म्हणाला, न्हाणीघरासाठी काही लागलं तर सांगा, शिक्षकांना सवलत आहे.

मार्लीनचाही दोष आहे. तिला कळलं होतं तर तिने ठामपणे बोलायला हवं होतं.

दुपारी कोर्टाच्या कार्यालयात फोन. निकाल नोंदला गेलाय, ज्यूरी विसर्जित झालीय, अध्यक्षाला आता काही अधिकार नाही. बाई नम्र होती. तिने मला दिवसाचे पन्नास डॉलर आणि मैलांचा भत्ता कधी पोचेल तेही सांगितलं.

शनिवार, ३ फेब्रुवारी

डोरीन म्हणाली, आता बोलायची परवानगी आहे ना, मग सांग की. मी म्हणालो, घसा बसलाय. तिने मध आणि लिंबू आणून ठेवलं.

सोमवार, ५ फेब्रुवारी

नवीन दृष्टी मिळाली. निकाल ही क्षुल्लक गोष्ट. तत्त्व टिकलं. एका सरकारी खात्याच्या कपाळावर आठ नागरिकांनी लिहिलं: तुम्ही चुकलात. शंभर वर्षांनी कुणी ती फाइल उघडेल तेव्हा गुडघे कुणाचे होते हे विचारणार नाही.

गुरुवारी आमच्या भाषण-क्लबात वक्ता आजारी आहे. मी जागा भरतो म्हणून कळवलं. विषय: आठ नागरिक आणि एक सत्य. रोम ठेवतो.

संकल्प: लोकांसमोर सांगितलं की मनातलं ओझं उतरतं, आणि गोष्ट आपल्या हातात येते.

गुरुवार, ८ फेब्रुवारी, रात्री ९

चर्चच्या तळघरात बावीस लोक. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण. नाव, गाव बदललं. कॉफीच्या वाक्याला लोक हळहळले, पहिल्या होयला टाळ्या. शेवटी सगळे उभे राहिले. मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणालो, प्रश्न असतील तर आनंदाने.

अर्लची बायको, मागच्या रांगेत, कधी बोलत नाही. तिने हात वर केला. विचारलं, मग त्या बाईला आता ट्रकवर चढावं लागतं की नाही?

मी उत्तर दिलं.

क्लबाची रीत अशी की प्रत्येक सभेत एक जण वक्त्याचे अडखळलेले 'अं' मोजतो आणि शेवटी उभा राहून वाचून दाखवतो. ही रीत मीच आणली. आज मोजणीला औषधाच्या दुकानातला तरुण होता. उभा राहिला, कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागद.

म्हणाला, ब्रेक्के सर. भाषणात एकही नाही. उत्तरात सतरा. उत्तर मात्र मला लिहून घेता आलं नाही, सर, मध्ये दुसरे शब्द नव्हते.